द्वारकेतला फ्लॅट आणि ३४ दिवसांचं भाडं

भाडं महिना ४०,००० रुपये धरू. घर सांभाळणारी कंपनी त्यावर ८ टक्के मागते, असंही धरू. वर्षाचे झाले ३८,४००. वर १८ टक्के जीएसटी ६,९१२. एकूण ४५,३१२ रुपये, म्हणजे साधारण ३४ दिवसांचं भाडं. भाडं २५,००० असो की ६०,०००, टक्का तोच असेल तर दिवसही तेवढेच. म्हणून दिल्लीतल्या द्वारकेचा फ्लॅट दुसऱ्याच्या हाती सोपवताना पुण्या-नागपुरात बसलेल्या मालकाने एवढंच विचारावं: हा माणूस नसता तर घर वर्षाला ३४ दिवस रिकामं पडलं असतं का?

भाडेकरू टिकून असेल आणि भाडं वेळेवर जमा होत असेल, तर बहुधा नाही. गीझर बिघडला की इलेक्ट्रिशियन भाडेकरूच बोलावतो आणि बिलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. खरी धावपळ भाडेकरू बदलताना: रंगकाम, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीच्या गेटवरची नोंद, डिपॉझिटमधून किती कापायचं यावरची हुज्जत. तेवढं काम सेक्टरमधल्या प्रॉपर्टी डीलरला ठरावीक रकमेत सांगता येतं.

प्राप्तिकरात या फीची वेगळी वजावट नाही. पूर्वी भाडेवसुलीचा खर्च वार्षिक मूल्याच्या ६ टक्क्यांपर्यंत वजा व्हायचा. २००१च्या वित्त कायद्याने ती सोय काढली आणि सरसकट ३० टक्के ठेवले. घरपट्टी बाजूला ठेवली तर ४,८०,००० वर १,४४,००० वजा. माणूस नेमा की नेमू नका.

मालक अनिवासी असेल तर मात्र गणित फिरतं. निवासी मालकाचं भाडं महिना ५०,००० पर्यंत असेल तर घरगुती भाडेकरूला टीडीएस कापावा लागत नाही. अनिवासी मालकाला ही मर्यादा लागू नाही. अधिभार नसला तरी ३१.२ टक्के, म्हणजे ४०,००० मधून १२,४८० जातात, हाती २७,५२०. वर भाडेकरूने टॅन काढायचा, चलन भरायचं, दर तिमाहीला विवरण द्यायचं. हे ऐकूनच चांगला भाडेकरू शेजारच्या फ्लॅटकडे वळतो. ही कागदपत्रं कुणी निस्तरत असेल, तर ३४ दिवसांचं भाडं महाग नाही.

कुणालाही नेमा, पण फी ‘मिळालेल्या भाड्यावर’ असं करारात लिहून घ्या. ‘ठरलेल्या भाड्यावर’ असेल तर घराला कुलूप असतानाही महिन्याला ३,७७६ रुपये जात राहतील. आणि भाडं त्याच्या खात्यातून फिरून नको, थेट तुमच्या खात्यात येऊ द्या.