ओला, सुका आणि आणखी दोन : कचऱ्याचे नवे नियम आणि आपण

केंद्र शासनाच्या पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने जानेवारी २०२६ मध्ये घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम अधिसूचित केले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख असून, २०१६ च्या नियमांची जागा आता या नियमांनी घेतली आहे. 'आम्ही घरपट्टी भरतो, कचऱ्याचे काय करायचे ते महापालिका पाहील', अशी आपल्यापैकी अनेकांची धारणा असते. प्रत्यक्षात या नियमांचे यशापयश आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याखाली ठरणार आहे. म्हणून हे नियम काय सांगतात आणि ख्रिस्ती श्रद्धावंत या नात्याने आपले कर्तव्य कोणते, याचा येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

चार प्रकार कोणते?

ओला आणि सुका हे दोन प्रकार आता बहुतेकांना परिचित आहेत. नव्या नियमांनुसार प्रत्येक घराने कचऱ्याचे पुढील चार भाग करावयाचे आहेत.

१) ओला कचरा : भाजीपाल्याचे देठ, फळांच्या साली, उरलेले अन्न, मांस-मासळीचे अवशेष, फुले. यापासून खत किंवा बायोगॅस तयार होतो.

२) सुका कचरा : कागद, प्लास्टिक, धातू, काच, लाकूड, रबर. हा कचरा वर्गीकरण केंद्रात जातो. तेथे त्याची प्रकारवार निवड होऊन तो पुनर्वापरासाठी पाठविला जातो.

३) स्वच्छताविषयक कचरा : वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड इत्यादी. हा नीट गुंडाळून स्वतंत्र ठेवावयाचा आहे.

४) विशेष काळजीचा कचरा : रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, औषधे. हा अधिकृत संस्थेकडे किंवा नेमून दिलेल्या संकलन केंद्रावर द्यावयाचा आहे.

गृहसंकुले, शाळा, रुग्णालये यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. २०,००० चौरस मीटर वा अधिक बांधकाम क्षेत्र, दररोज ४०,००० लिटर वा अधिक पाण्याचा वापर, किंवा दररोज १०० किलो वा अधिक कचरा, यांपैकी एक निकष जरी लागू झाला, तरी ती संस्था 'मोठी कचरा निर्माती' ठरते. अशा संस्थेने आपल्या ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करावी, अशी अपेक्षा आहे. आपल्या धर्मप्रांतातील संस्थाचालकांनी आपली संस्था या निकषांत बसते का, हे वेळीच तपासून घ्यावे.

एकत्र केल्याने काय बिघडते?

'शेवटी गाडीत सगळे एकत्रच टाकतात, मग आम्ही वेगळे कशासाठी करायचे?' हा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. प्रश्न अगदीच निराधार नाही. जेथे गाडीत वेगवेगळे कप्पे नाहीत, तेथे नागरिकांनी संघटितपणे ते मागावेत. परंतु घरातच एकत्र झालेला कचरा गाडीतील कप्पे वेगळा करू शकत नाहीत. आमटीत भिजलेला कागद पुनर्वापरास निरुपयोगी ठरतो. खरकट्याने माखलेल्या पिशवीला भंगारवालाही हात लावीत नाही. ओल्या कचऱ्यात काचेचा चुरा किंवा बॅटरीचा सेल गेला, तर त्यापासून झालेले खत शेतात घालण्याच्या योग्यतेचे राहत नाही.

असा मिश्र कचरा मग क्षेपणभूमीवर, म्हणजे डम्पिंग ग्राउंडवर जातो. ढिगाच्या पोटात हवा न पोहोचल्यामुळे ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आला. तेथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रातही दिसला होता. आपल्या वसईतील गोखिवरे येथील क्षेपणभूमीवर आगी लागल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. ढिगातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते, ते वेगळेच. विहिरी आणि बावखलांवर वाड्या पोसणाऱ्या आपल्या समाजाला याचा अर्थ सांगावयास नको.

नव्या नियमांनुसार ज्याचे काहीच करता येत नाही, असाच कचरा क्षेपणभूमीवर जाणे अपेक्षित आहे. वर्गीकरण न करता कचरा तेथे पाठविणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांना अधिक शुल्क आकारण्याची तरतूदही आहे. हा बोजा अंती करदात्यांवरच पडणार.

वेगळे कोणीतरी करतेच

या सर्व विषयात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी, की कचरा कधीतरी वेगळा करावाच लागतो. आपण केला नाही, तर घंटागाडीवरील कामगार किंवा क्षेपणभूमीवर उन्हात उभी असलेली कचरावेचक भगिनी तो करते, आणि बहुधा उघड्या हातांनी करते. आपण पिशवीत टाकलेली फुटकी बाटली, मधुमेही रुग्णाची इन्सुलिनची सुई, दाढीचे पाते तिच्या बोटांत घुसते. घरात दोन मिनिटांचे असलेले काम तिच्यासाठी जखमेचे आणि आजाराचे कारण बनते.

पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे आवाहन तेथे करण्यात आले. ठिपका पाहताच पुडी न उघडता बाजूला ठेवता येते. या उपायाला खर्च काहीच नाही. पुडी हाताळणारे हात आपल्या नजरेसमोर असले, की असे उपाय सुचतात.

श्रद्धेचा प्रकाश

पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. लोक तृप्त झाल्यानंतर काहीही वाया जाऊ नये म्हणून प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगितले, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते (योहान ६:१२-१३). बारा टोपल्या भरल्या आणि त्या शिष्यांनी स्वतः भरल्या.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात 'वापरा आणि फेकून द्या' या संस्कृतीवर टीका केली (परिच्छेद २२). कचरा वेगळा करण्यासारख्या लहान दैनंदिन कृतींचा त्यांनी गौरवाने उल्लेख केला (परिच्छेद २११). बुएनोस आयर्सचे महागुरू असताना ते तेथील कचरावेचकांसाठी मिस्सा अर्पण करीत असत. वस्तू फेकून देणारा समाज माणसेही फेकून देतो, ही त्यांची खंत होती.

धर्मग्रामात काय करता येईल?

आपले सणसमारंभ मोठे असतात. किमान त्यांपासून प्रारंभ करावा. लग्न, बाप्तिस्मा आणि सणाच्या भोजनानंतर खरकटे व ताटे-पेले यांसाठी वेगळी पिंपे ठेवावीत आणि त्यांजवळ स्वयंसेवक उभे करावेत. थर्माकोलच्या ताटांवर व सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, याची मंडपवाल्यास आठवण द्यावी. २ नोव्हेंबर रोजी दफनभूमीत फुले व मेणबत्त्या अर्पण केल्यानंतर फुलांसाठी खड्डा खणावा आणि प्लास्टिकची वेष्टने घरी परत न्यावीत.

ज्यांच्याकडे वाडी आहे, त्यांना ओल्या कचऱ्यासाठी गाडीची वाट पाहण्याचे कारणच नाही. आपल्या आजोबांच्या काळी असे, तसा एक खड्डा केळीच्या बागेत पुरेसा आहे. राडारोडा मात्र बावखलात लोटू नये. त्यासाठी स्वतंत्र नियम आहेत.

घरी काच व पाती जाड कागदात गुंडाळावीत. सुया झाकणाच्या घट्ट डब्यात साठवाव्यात आणि विशेष काळजीच्या कचऱ्याबरोबर द्याव्यात. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवाव्यात. येत्या लघु ख्रिस्ती समूहाच्या सभेत हा विषय घ्यावा आणि शक्य झाल्यास आपल्या विभागातील घंटागाडीच्या कामगारांना सन्मानाने आमंत्रण द्यावे. कोणत्या पिशवीचा त्यांना सर्वाधिक त्रास होतो, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि त्यानुसार आपापल्या घरी बदल करावा.