मागच्या दाराने जाऊ नका

कार्तिक लागला आणि सकाळचे दव वाळू लागले, की आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातील स्त्रिया कापूस वेचण्यास निघतात. कमरेला फडके, हाती भाकरीचे गाठोडे आणि कडेवर लेकरू. घरी आजी असेल तर लेकरू तिच्या स्वाधीन होते, नसेल तर अंगणवाडीच्या दाराशी रोज सकाळी एक करुण नाट्य घडते. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी असल्यामुळे हे नाट्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण त्यात आमचीही भूमिका फारशी चांगली नव्हती.

“रडून रडून आपोआप गप्प होईल, तुम्ही निघा,” असे आम्ही आयांना सांगत असू. मुलाला बिस्किट दाखवावे, त्याचे लक्ष वळवावे आणि आईने मागच्या दाराने निसटावे, हा उपाय आम्हांस शहाणपणाचा वाटे.

पाच-सहा वर्षांपूर्वी तीन वर्षांची एक मुलगी अशीच आली. दोन दिवस तिने आकांत केला. तिसऱ्या दिवशी ती गप्प झाली. “झाली, रुळली!” असे म्हणून आम्ही समाधान मानले. सेविकाबाईंना मात्र ते पटले नाही. मुलगी खेळत नव्हती, खिचडीला हात लावत नव्हती. मागच्या दाराची चौकट धरून बसून राही. आठवड्याने तिची आई आली आणि म्हणाली, “गुरुजी, पोरगी रातभर उठू-उठू पाह्यते, मी आहो का नाही म्हणून.”

त्या वाक्याने आम्ही वरमलो. मुलीने आम्हांस मुकाट्याने सांगितले होते, की आई केव्हा नाहीशी होईल याचा नेम नाही, म्हणून आता झोपेतही पहारा ठेवला पाहिजे.

पुढे वाचनात आले, की हा गैरसमज आमच्या एकट्याचा नव्हता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या रुग्णालयात आठ दिवस आईवाचून राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट तयार केला. त्या काळी तेथे आईबापांना मुलांजवळ राहू देत नसत, आणि मूल शांत झाले की परिचारिका त्यास ‘रुळले’ म्हणत. आधी आक्रोश, मग निराशा आणि शेवटी अलिप्तता, असा या शांततेचा मार्ग रॉबर्टसन व त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवून दिला. हे काही पाश्चात्त्यांचे लाड नव्हेत. मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये आफ्रिकेतील युगांडाच्या खेड्यांतून हेच पाहिले: आई जवळ आहे अशी खात्री असलेले मूलच तिच्यापासून दूर रांगत जाते.

साधारण सात-आठ महिन्यांचे झाले, की मूल परक्याच्या कडेवर जाईनासे होते. याच सुमारास त्याला उमगू लागते, की दृष्टीआड गेलेली वस्तू कोठेतरी असतेच. आई आहे हे कळते, पण ती परत येईल हे कळत नाही. सारे दुःख या दोहोंमधल्या जागेत आहे. दहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ते बहुधा तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरू लागते. पदराआड तोंड लपवून ‘भो’ करणाऱ्या आमच्या आज्या, गेलेले माणूस परत येते याचाच धडा देत होत्या.

येथे ताराबाई मोडकांची आठवण होते. १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केल्यावर वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ च्या सरकारी योजनेने तो शब्द देशभर नेला. अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी वाटेतच राहिले.

आमच्याकडे तर आणखी एक वियोग आहे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. त्यामुळे ज्या घरी ‘माय’ आहे त्या घरचे मूल दाराच्या आत पाऊल टाकताच हिंदी ऐकते. हिंदीशी आमचे वैर नाही, तिनेच आम्हांस भाकरी दिली. पण आईबरोबर आईची बोलीही निघून गेली, तर त्या जीवाने धरावे काय?

सेविकाबाईंनी त्या मुलीशी घरच्या बोलीत बोलण्यास आरंभ केला. आई चार दिवस आत येऊन थोडा वेळ बसली, दररोज थोडी कमी. जुन्या लुगड्याचा तुकडा तिने मुलीजवळ दिला. निघताना ती समोरून, सांगून निघे: “खिचडी झाली का काकू नेईन, दिवा लागला का मी येईन.” घड्याळ मुलांना कळत नाही, खिचडी आणि दिवा कळतो. निरोप लांबवायचा नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढे पथ्य.

पाचव्या दिवशी मुलगी पुन्हा मोठ्याने रडली. उपाय फसला असे वाटून आम्ही खट्टू झालो. सेविकाबाई हसल्या. ती आता आईसमोर रडत होती, आणि आईचा हात सुटल्यावर बाईंच्या कुशीत येत होती. त्या दिवशी तिने खिचडी खाल्ली.

“रडशील तर इथेच टाकून जाईन,” ही धमकी मात्र कोणीही देऊ नये; मूल ती खरी मानते. कित्येक आठवडे लोटूनही मूल खाईना, झोपेना, बोलणे सोडू लागले, तर डॉक्टरांस दाखवावे. आणि बापांनीही कधी हे सोडण्या-नेण्याचे काम करून पाहावे.

शेजारच्या काकूंनी नंतर एक गंमत सांगितली. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन. मुलीने देवळीतला दिवा उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, “काकू, लाव न आता.”