नाके ओलांडणारी माणसं : खानदेशचा कापूस आणि व्हिएतनामचा भात

दिवाळीच्या मागेपुढे खानदेशातले जिनिंग कारखाने सुरू होतात. बोदवड, धरणगाव, पहूर, चोपडा, शिरपूर, शहादा, कुठेही गेलं तरी आवारात कापसाचे ढीग, एका अंगाला सरकी, दुसऱ्या अंगाला रुई आणि प्रेसमधून निघणारी १७० किलोची गाठ. ही गाठ कुठे जाणार ते भाव ठरवतो. काही गाठी गुजरातेत जातात, काही तामिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे. जगाच्या बाजारात आपला भाव बसला, तर बांगलादेश, चीन आणि व्हिएतनामलाही जातात.

व्हिएतनामचं नाव या यादीत यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिथे कापूस जवळजवळ पिकतच नाही. तरी तो देश आज वर्षाला सुमारे १५ लाख टन रुई विकत घेतो. आपल्या गाठींत मोजली, तर महाराष्ट्राच्या एका हंगामातल्या सगळ्या कापसाएवढी. त्यातून सूत, कापड, कपडे तयार होतात आणि ४० अब्ज डॉलरच्या वर निर्यात होते. हाच देश चाळीस वर्षांपूर्वी आपल्या माणसांना अंगावरचं कापडही कुपनावर देत होता. तिथलं हे परिवर्तन कुणा अर्थतज्ज्ञाच्या आराखड्यातून सुरू झालं नाही. नियम मोडणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं करणाऱ्या काही स्थानिक अधिकाऱ्यांनी ते आधी करून दाखवलं, कायदा मागाहून आला. त्याच काळात आमच्याकडचा कापूसवालाही रात्री गाडी जुंपून राज्याची सीमा ओलांडत होता. म्हणूनच या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात, असं मला वाटतं.

व्हिएतनामच्या गेल्या शतकाची सुरुवात भुकेपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने तिथल्या शेतकऱ्यांचा तांदूळ सक्तीने उचलला आणि भाताच्या जागी ताग, कापूस, तेलबिया लावायला भाग पाडलं. १९४४-४५च्या दुष्काळात उत्तरेत माणसं रस्त्यावर मेली. व्हिएतनामी सरकार हा आकडा २० लाख सांगतं. २ सप्टेंबर १९४५ रोजी हानोईच्या बादिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा त्या जाहीरनाम्यातही या मृतांचा उल्लेख होता. पुढे फ्रेंचांशी युद्ध, ७ मे १९५४ला दिएन बिएन फूचा विजय आणि देशाचे उत्तर-दक्षिण असे दोन भाग करणारा जिनिव्हा करार. कराराच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. नेहरू १९५४च्या ऑक्टोबरात हानोईला जाऊन आले, हो चि मिन्ह १९५८च्या फेब्रुवारीत भारतात आले.

याच सुमारास दोन्हीकडे जमिनीचा प्रश्न हाती घेतला गेला. आपल्याकडे मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणारं कूळ मालक झालं. निदान कागदावर तरी. उत्तर व्हिएतनाममध्ये १९५३ ते १९५६ या काळात जमीन वाटली गेली, पण ती वाटताना गावोगाव जमीनदार ठरवून माणसांवर खटले चालले आणि हजारोंना ठार मारलं गेलं. त्यांत मध्यम शेतकरी होते, स्वातंत्र्यलढ्यातले लोकही होते. १९५६च्या ऑक्टोबरात पक्षाने चुका जाहीरपणे कबूल केल्या आणि सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावं लागलं. हे नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे.

वाटलेली जमीन शेतकऱ्याकडे फार दिवस राहिली नाही. १९५८नंतर तिच्या सहकारी शेत्या झाल्या. घंटा वाजली की शेतात जायचं, दिवसाच्या कामाचे गुण मांडायचे, हंगामाअखेर गुणांप्रमाणे धान्य घ्यायचं. घरटी वापरायला ठेवलेली जमीन जेमतेम ५ टक्के होती, पण अनेक कुटुंबांचं निम्म्याच्या आसपास उत्पन्न त्याच तुकड्यातून यायचं. शेतकऱ्याचा कौल यापेक्षा स्पष्ट कसा असतो? विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी तो ओळखला. १९६६मध्ये, वरून अमेरिकी बॉम्ब पडत असताना, त्यांनी सहकारी शेतीतली जमीन कुटुंबांना खंडाने वाटून द्यायला सुरुवात केली. ठरलेलं धान्य सहकारी संस्थेला द्यायचं, वरचं घरात ठेवायचं. पीक वाढलं. १९६८मध्ये हा प्रयोग जाहीरपणे निषेधून बंद पाडण्यात आला आणि निषेध करणारे होते त्रुओंग चिन्ह. किम न्गोक १९७९मध्ये वारले, त्यांचा सन्मान झाला तो मरणोत्तर.

त्या बॉम्बवर्षावाची झळ भारतातल्या रेशन दुकानापर्यंत आली होती. १९६५-६६च्या अवर्षणात देश अमेरिकी गव्हावर जगत होता आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या परवानगीवर सोडत होते. इंदिरा गांधींनी १९६६च्या जुलैत व्हिएतनामवरचे हल्ले थांबवण्याची मागणी केली, तेव्हा वॉशिंग्टन चिडलं आणि दोरी आणखी आवळली गेली. धुळ्या-जळगावात पिशवी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला उत्तर व्हिएतनामचं हायफाँग बंदर कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण त्याच्या गव्हाचा त्या बंदराशी संबंध होता.

३० एप्रिल १९७५ला सायगाव पडलं, देश एक झाला. मग दक्षिणेतही सामूहिक शेतीची सक्ती आली आणि मेकाँगच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ती मनापासून कधी स्वीकारली नाही. कुणी पेरा कमी केला, कुणी जनावरं विकली. त्यात कंबोडियाची मोहीम, १९७९च्या फेब्रुवारीत चीनचं आक्रमण, अमेरिकेची व्यापारबंदी. पण माझ्या लेखी सर्वांत मोठा घाव नाक्यांचा होता. एका प्रांतातला तांदूळ दुसऱ्या प्रांतात न्यायला बंदी होती. रस्त्यांवर, कालव्यांवर तपासणी व्हायची, गाठोडी सोडवून काही किलो तांदूळ किंवा मांस जप्त व्हायचं. भाताचं कोठार असलेल्या खोऱ्यालगतचं सायगाव, म्हणजे आताचं हो चि मिन्ह शहर, ज्वारी आणि कंदांवर दिवस काढत होतं. कारण सरकारी भावाने शेतकरी भात घालत नव्हता आणि दुसऱ्या कुणाला तो घेता येत नव्हता.

तेव्हा शहराचे पक्षप्रमुख व्हो व्हान किएत यांनी पैसे उभे केले आणि बा थी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईंना खोऱ्यात धाडलं. सरकारी दराच्या कित्येक पट, म्हणजे बाजाराच्या भावाने, तांदूळ घेऊन यायचा. हा उघड कायदेभंग होता. तुरुंगात जावं लागलं तर डबा मी आणून देईन, असं किएत यांनी त्यांना सांगितल्याचं आजही सांगितलं जातं. तांदूळ आला. शेजारच्या लाँग आन प्रांताने कुपनं मोडून बाजारभावाने विक्री सुरू केली. उत्तरेत हायफाँगच्या खेड्यांनी चोरून पुन्हा जमीन कुटुंबांना दिली. १३ जानेवारी १९८१ला पक्षाचा शंभरावा निर्देश निघाला आणि ही चोरीची पद्धत कायदेशीर झाली.

आता आमच्याकडे येऊ. महाराष्ट्राचा कच्चा कापूस कायदा १९७१चा. त्यातून १९७२च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली, ऐन दुष्काळात. या योजनेचा उद्देश खोटा होता, असं मी कधीच म्हणणार नाही. व्यापारी वजनात मारायचा, प्रतवारीत मारायचा, उचल देऊन कापूस आधीच बांधून घ्यायचा. यातून शेतकऱ्याला सोडवावं, म्हणून यशवंतराव मोहित्यांनी ती तळमळीने उभी केली. हमीचा भाव, वर बोनस, तोट्याच्या वर्षासाठी भावातील चढउतारांचा निधी. विचार नीट होता, पण त्यात एक अट होती. कापूस पणन महासंघालाच घालायचा, दुसऱ्या कुणालाही नाही, राज्याबाहेर तर नाहीच.

खानदेशात ही अट जेवढी बोचली तेवढी कुठे बोचली नसेल. आमचा भूगोलच तसा आहे. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पुढे पळासनेरचा घाट चढला की सेंधवा, शहाद्याच्या पुढे खेतिया. तिन्ही मध्य प्रदेशातल्या मोठ्या कापूसपेठा. पश्चिमेला गुजरात. नवापूरच्या माणसाला तर राज्य संपलं कुठे तेही चटकन कळत नाही. इकडे खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, ग्रेडर म्हणेल ती प्रत आणि चुकाऱ्यासाठी महिनोन्महिने वाट. तिकडे त्याच दिवशी रोख. ज्या वर्षी बाहेरचा भाव चढा असे, त्या वर्षी माणसं रात्रीच्या वाटांनी गाड्या काढत. पकडलं की कापूस जप्त. स्वतःच्या रानात पिकवलेला माल विकणारा शेतकरी तस्कर ठरत होता. बाहेर भाव पडला की उलटं व्हायचं, परराज्यातला कापूस आमच्या केंद्रांवर येऊन पडायचा आणि तोटा महासंघाच्या माथी. शेवटी तो हजारो कोटींवर गेला.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या गोष्टीला शब्द दिले. सरकार शेतीला देतं त्यापेक्षा भाव पाडून जास्त काढून घेतं, हे त्यांनी आकड्यांनी मांडलं आणि लाखो शेतकऱ्यांना ते स्वतःच्या अनुभवावरून पटलं. १९८६चा कापूस हंगाम आंदोलनाचा होता. १० डिसेंबरला सुरेगावात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. त्यानंतर आठवडाभरातच, १५ डिसेंबरला, हानोईत व्हिएतनामी कम्युनिस्ट पक्षाचं सहावं अधिवेशन सुरू झालं. महागाई सातशे टक्क्यांच्या वर गेली होती. पक्षाचे सरचिटणीस ले झुआन जुलैत वारल्यावर ते पद पुन्हा त्रुओंग चिन्ह यांच्याकडे आलं होतं. अठरा वर्षांपूर्वी कुटुंबाच्या शेतीला धर्मबाह्य ठरवणारा हा ऐंशीला टेकलेला माणूस आधी प्रांतोप्रांती फिरला, नियम मोडणाऱ्यांचं ऐकून आला आणि अधिवेशनात त्याने पक्षाच्या धोरणाची चूक पदरात घेतली. आर्थिक सुधारणांचा ठराव झाला आणि त्याने पद सोडलं.

पुढचं वेगाने घडलं. नाके उठले. ५ एप्रिल १९८८च्या दहाव्या ठरावाने जमीन कुटुंबांकडे दिली. त्याच वर्षी उत्तरेत टंचाईने माणसं हवालदिल होती आणि १९८९मध्ये देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. १९९३च्या जमीन कायद्याने शेतकऱ्याला ती बदलण्याचा, विकण्याचा, खंडाने देण्याचा, वारसांना देण्याचा आणि तारण ठेवण्याचा हक्क दिला. मालकी मात्र आजही राज्याचीच आहे. १९९३ला ५८ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, १९९८ला ३७ टक्के.

आमची बंदी उठायला २००२ उजाडलं. म्हणजे सुरेगावनंतर सोळा वर्षं. उठली तीही कुणी चूक मान्य केली म्हणून नाही, योजना तोट्याखाली मोडली म्हणून. मधल्या काळात जळगावची खानदेश मिल आणि अमळनेर-धुळ्याच्या प्रताप मिला गप्प झाल्या होत्या. कापूस पिकवणाऱ्या मुलखात सूत कातण्याचं काम उरलं ते मोजक्या सहकारी सूतगिरण्यांपुरतं. व्हिएतनामने कापूस नसताना गिरण्या उभ्या केल्या, आम्ही कापूस असताना त्या घालवल्या. हे लिहिताना मला संताप येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही.

तरीही व्हिएतनामचं गुणगान करून थांबता येणार नाही. तिथे पक्ष एकच आहे. १९९७मध्ये थाय बिन्ह प्रांतात स्थानिक अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध शेतकरी उठले. कारखान्यांसाठी, वसाहतींसाठी जमीन काढून घेताना आजही तिथल्या शेतकऱ्याला निवडणुकीत हिशेब मागता येत नाही. आमच्याकडे तो मागता येतो. शहाद्याच्या आदिवासींनी मागितला होता. अंबरसिंग सुरतवंतींच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९७२ला भूमुक्ती मेळावा झाला, सावकारी आणि फसवणुकीत गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या, श्रमिक संघटना उभी राहिली आणि १९७४चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा अशा दबावातून आला. तिथेही आधी माणसं बांधावर गेली, कायदा मागून आला. पण जमिनीसाठी जे जमलं ते भावासाठी जमलं नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, तेव्हा आमचा माल अजून बोंडात होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झालेला, आणि तो प्रत्यक्षात हाती पडायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावरची नोंदणी, आर्द्रता, कागदपत्रं ही सगळी वाट पुन्हा चालायची. ते न झेपणारा खेडा खरेदीत मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो.

एका बाबतीत दोन्हीकडचं पाऊल एकाच दिशेने पडलं होतं. शरद जोशींनी १९९०च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावे जमीन करून द्या म्हणून, आणि पुढे सरकारनेही त्याच नावाने योजना काढली. व्हिएतनामने २०००च्या विवाह व कुटुंब कायद्याने जमिनीच्या दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावं घालणं बंधनकारक केलं. आमच्याकडे ते शेतकऱ्याच्या मर्जीवर राहिलं. खानदेशात कापूस वेचतात त्या बहुतेक बायाच. किलोवर मजुरी, कमरेला फडकं, ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर वाकून. त्यांच्यातल्या ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांची नावं सातबाऱ्यावर चढवायला नवा कायदा लागत नाही, तलाठ्याकडे अर्ज लागतो आणि नवऱ्याची सही.