कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे?

बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' हा १९७६ सालचा चित्रपट. मी तो पहिल्यांदा पाहिला शाळेत असताना, शेजाऱ्यांच्या टीव्हीवर, दारातल्या चपलांशेजारी बसून. परवा मुलीबरोबर पुन्हा पाहिला. मी हसत होतो. ती मध्येच म्हणाली, "अब्बा, हा माणूस रोज तिच्या मागंमागं जातो. तिला भीती नाही वाटत?"

प्रश्न रास्त होता. अरुण म्हणजे अमोल पालेकर. मुंबईतल्या बसस्टॉपवर तो प्रभाच्या, म्हणजे विद्या सिन्हाच्या मागं उभा राहतो, तिच्या ऑफिसपर्यंत जातो, बोलत मात्र नाही. हीच हकीकत कुणी पोलीस चौकीत सांगितली तर ती तक्रार ठरेल. मग पडद्यावर तिची गंमत कशी होते?

सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी. पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर आधी भूक दिसली, मग दुःख, असं सांगतात. चेहरा तोच होता, शेजारचं चित्र बदललं होतं. आम्हा शेर लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. दुसरी ओळ आली की पहिलीचा अर्थ पालटतो.

आता अरुणचा पाठलाग पाहा. भयपटात काय दिसलं असतं? फक्त बुटांचे पाय, भिंतीवरची सावली, निर्मनुष्य गल्ली. इथं भर दिवसाचं ऊन आहे, रस्त्यावर माणसं आहेत आणि अरुणचा भेदरलेला चेहरा आपल्याला स्वच्छ दिसतो. त्यामुळं आपल्याला त्याची भीती वाटत नाही, त्याचीच काळजी वाटते. शिवाय प्रभाचाही चेहरा आपल्याला दिसतो. तिला सारं ठाऊक आहे, तो कधी बोलतो याची ती मनातून वाट पाहते आहे. प्रभाचे हे शॉट कापून टाका. उरेल ती विनोदी प्रेमकथा नसेल.

चित्रपटगृहातलं गाणंही असंच आहे. अरुण खुर्चीत बसलाय, पडद्यावर धर्मेंद्र आणि हेमामालिनी गाताहेत. बघता बघता त्यांच्या जागी अरुण आणि प्रभा येतात. चेहरे बदलतात, पण सलील चौधरींची चाल आणि येसुदास-आशा भोसले यांचे आवाज अखंड चालू राहतात. आवाज तुटत नाही म्हणून स्वप्न खरं वाटतं. आणि हसता हसता कळतं, की हा बिचारा धीट होतो तो दुसऱ्याच्या सिनेमात, उसन्या आवाजात!

मुलीला मी एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. कॉलेजात असताना एका मुलीच्या मागून मी पंधरा दिवस बसस्टॉपपर्यंत गेलो. स्वतःला अरुण समजत होतो. सोळाव्या दिवशी ती धाकट्या भावाला सोबत घेऊन आली. त्यानं मला काही म्हटलं नाही, नुसता तिच्या बाजूनं चालत राहिला. मी घरी परतलो. सोबत आणायची गरज तिला का पडली, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. माझ्या मनातल्या सिनेमात फक्त माझाच क्लोजअप होता. तिचा शॉट मी घेतलाच नव्हता.

अरुण अखेर खंडाळ्याला कर्नलसाहेबांकडे, म्हणजे अशोककुमारकडे, धीट व्हायला जातो. त्यांच्या काही युक्त्या आज पटत नाहीत. पण नुसतं मागं फिरून भागत नाही, एवढं त्यालाही उमगलेलं असतं.

मुलीला मी म्हटलं, "प्रभाला भीती वाटत नाही, कारण दिग्दर्शकानं तिचं मन आपल्याला दाखवलंय. रस्त्यावर तसं कुणी दाखवत नाही. तिथं समोर येऊन विचारावं लागतं."

ती म्हणाली, "आणि नाही म्हटलं, तर परत जावं लागतं."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)