काठमांडूला निघण्यापूर्वी

पशुपतिनाथाच्या दर्शनाची आस आपण वर्षानुवर्षे जपलेली असते. काठमांडू समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंच. एवढ्यावर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. कस लागतो तो गुडघ्यांचा. स्वयंभू स्तूपाच्या पूर्वेकडील ३६५ पायऱ्या चढण्याचा हट्ट आपण धरू नये. पश्चिमेकडून वाहन बरेच वरपर्यंत जाते, आणि स्तूपावरील बुद्धनेत्र तिकडूनही तितकेच शांत दिसतात.

खरी सावधगिरी हवी ती सहलीला जोडलेल्या मुक्तिनाथाविषयी. ते सुमारे ३,७०० मीटरवर आहे. हृदयविकार वा दमा असल्यास आधीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथे डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सोबत्यांनी तत्काळ खाली आणावे. दर्शन व्हायचे असले तरी थांबू नये.