हिमालयी लावा: दिसत नाही म्हणून संपला?

हिमालयी लावा खात्रीने सापडला तो मसुरी आणि नैनिताल या दोनच परिसरांत. शेवटचा नैनितालजवळ, १८७६ साली, बंदुकीच्या गोळीने. त्यानंतर ना नमुना, ना फोटो. तरीही ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘नामशेष’ नाही, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. दीडशे वर्षं न दिसलेला पक्षी जिवंतांच्या यादीत ठेवणं हा अनेकांना शास्त्रज्ञांचा भाबडेपणा वाटतो.

खरं तर वर्षं मोजून पक्षी नामशेष ठरत नाही. एके काळी पन्नास वर्षांचा ठोकताळा होता, तो केव्हाच मागे पडला. शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरू नये, आणि योग्य जागी, योग्य ऋतूत, योग्य वेळी कसून शोध झालेला असावा, अशी आजची अट आहे. घाई केली तर काय होतं, हे फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या इवल्याशा फुलटोच्याने दाखवलं. जंगल गेलं, म्हणजे तोही गेला, असं सगळ्यांनी धरलं होतं. १९९२ साली तो उरल्यासुरल्या झाडीत दिसला. अशा घाईला पक्षिशास्त्रात ‘रोमिओची चूक’ म्हणतात.

‘असता तर पर्यटकांना दिसलाच असता’ हा युक्तिवाद तर मला अगदीच लंगडा वाटतो. हा पक्षी राहायचा तीव्र उतारांवरच्या उंच गवतात, छोट्या थव्याने. पायाखाली येईपर्यंत उडायचा नाही, आणि उडाला तरी थोड्या अंतरावर पुन्हा गवतात. मॉल रोडवरून तो काय दिसणार!

शिकारीने संपवला, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. शिकार झाली हे खरं, पण तो मुळातच दुर्मीळ असावा. १८४६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी त्याचं वर्णन केलं ते इंग्लंडमधल्या लॉर्ड डर्बींच्या संग्रहातल्या पक्ष्यांवरून, आणि ठिकाण दिलं नुसतं ‘भारत’. मसुरीला तो हाती लागेपर्यंत १८६५ साल उजाडलं. जगभरात मिळून त्याचे जेमतेम डझनभर नमुने आहेत. एवढ्यावरून ऱ्हासाचं कारण ठरवणं म्हणजे अंदाजच.

आता आपल्याकडचा लाडका दाखला: रानपिंगळा. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सापडला. मग लावाही सापडेल की! पण रानपिंगळा इतकी वर्षं हुकला त्याचं एक मोठं कारण होतं लबाडी. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत मांडवीला मिळाल्याचा दाखवलेला नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात जमवलेला होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा पेंढा भरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या खोट्या नोंदीमुळे शोधाची दिशा चुकत राहिली. जुन्या, खऱ्या नोंदींचा माग धरून खानदेशात गेल्यावर हा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसणारा पिंगळा समोर आला. लावाच्या जागा मात्र एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत, सलीम अलींसारख्यांनी शोधूनही तो मिळाला नाही. रानपिंगळ्याची गोष्ट नीट वाचली तर ती लावाच्या बाजूने नाही, थोडी विरोधातच जाते.

माझं मत विचाराल तर तो बहुधा गेलेला आहे. पण ‘बहुधा’ या शब्दावर लाल यादीत नाव हलवू नये. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीर फेझंट, मोनाल यांसारख्या शेजारी जातींच्या अधिवासावरून लावाच्या संभाव्य जागांचा नकाशा काढला गेला. असे सगळे गवताळ उतार हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पिंजून काढायला हवेत, कारण जुन्या नोंदी नोव्हेंबर ते जून या काळातल्या आहेत. स्वयंचलित कॅमेरे, विष्ठेतला डीएनए, वास काढणारी प्रशिक्षित कुत्री यांची मदत घेता येईल. ध्वनिमुद्रण यंत्रांचा उपयोग मात्र मर्यादित आहे: या पक्ष्याच्या शिळेची वर्णनं शिकाऱ्यांनी लिहून ठेवली, पण तुलनेला एकही ध्वनिमुद्रण नाही.