निवासी संस्थेचा दर्जा कशावरून ओळखावा?

नव्या गोष्टी शिकणे, व्यवहार समजून घेणे आणि स्वतंत्रपणे जगणे यांत ज्यांना लहानपणापासून कमीअधिक अडचण येते, त्यांना बौद्धिक दिव्यांग म्हटले जाते. त्यांच्या पालकांना ‘आमच्या माघारी याचे कसे होणार’ हा घोर जन्मभर लागलेला असतो. त्यावर उपाय म्हणून निवासी संस्थेचा शोध सुरू झाला की इमारत, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची संख्या आणि शुल्क यांवरून तिचा दर्जा ठरवला जातो. ब्रिटनमधील संशोधन आणि तेथे उघडकीस आलेले गैरप्रकार पाहता ही कसोटी अपुरी ठरते.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ जॅक टिझार्ड यांनी लंडनच्या फाउंटन हॉस्पिटल या मोठ्या रुग्णालयातील १६ बौद्धिक दिव्यांग मुलांना ब्रुकलँड्स येथील घरगुती वातावरणात हलवले, आणि रुग्णालयातच राहिलेल्या तशाच १६ मुलांशी त्यांची तुलना केली. दोन वर्षांत ब्रुकलँड्सची मुले बोलण्याच्या बाबतीत स्पष्टपणे पुढे गेली. पुढे १९७१ साली रॉय किंग, नोर्मा रेन्स आणि टिझार्ड यांनी अनेक संस्थांची पाहणी प्रसिद्ध केली व संस्थेच्या सोयीने चालणाऱ्या कारभाराची चार लक्षणे सांगितली. पहिले लक्षण म्हणजे व्यक्ती कोणतीही असो, वेळापत्रकात तसूभर फरक न होणे. दुसरे, सर्वांना एका गठ्ठ्यात वागवणे, जसे की आंघोळीसाठी रांगेत ताटकळत ठेवणे. तिसरे, स्वतःचे कपडे, स्वतःच्या वस्तू आणि त्या ठेवण्याची जागा नसणे. आणि चौथे, कर्मचारी व निवासी यांच्यातील अंतर, म्हणजे एकत्र जेवण नाही आणि कामापलीकडे बोलणेही नाही. विशेष म्हणजे, संस्थेचा आकार किंवा कर्मचाऱ्यांची संख्या एवढ्यावरून संस्था-संस्थांमधील फरकाचा उलगडा होत नव्हता. प्रमुखाला निर्णयाचे स्वातंत्र्य आहे का आणि त्या प्रमुखाचा वेळ कागदपत्रांत जातो की मुलांमध्ये, याला अधिक महत्त्व होते.

केवळ पैशाने दर्जा येत नाही, हे ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक दिव्यांगांच्या खाजगी रुग्णालयाने दाखवून दिले. तेथे एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी सुमारे ३,५०० पौंड आकारले जात असतानाही कर्मचारी रुग्णांना मारहाण करत व छळत असल्याचे बीबीसीने मे २०११ मध्ये छुप्या चित्रीकरणातून उघड केले. त्यापूर्वी एका माजी कर्मचाऱ्याने नियामक यंत्रणेकडे तक्रार करूनही वेळीच कारवाई झाली नव्हती. पुढे ११ कर्मचारी दोषी ठरले आणि त्यांपैकी सहा जणांना तुरुंगवास झाला.

गैरवर्तन नसणे ही झाली किमान अट; चांगली देखभाल त्याच्या पुढे सुरू होते. केंट विद्यापीठातील जिम मॅन्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेलेल्या ‘सक्रिय साहाय्य’ या पद्धतीत कर्मचारी निवाशासाठी काम उरकत नाही, तर त्याच्याबरोबर ते करतो. चहा करायचा असेल तर एखादा निवासी केवळ साखर घालील, दुसरा कप मांडील, तिसऱ्याचा हात धरून ढवळावे लागेल. चहाला वेळ लागेल, परंतु तो वेळ वाया गेला असे या पद्धतीत मानले जात नाही. म्हणून दर्जा मोजणारे निरीक्षक नोंदवह्यांवर विसंबत नाहीत, तर दिवसातील किती वेळ निवासी एखाद्या कामात किंवा संवादात गुंतलेला असतो आणि किती वेळ नुसता बसून असतो, हे प्रत्यक्ष टिपतात.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार अशा संस्थांना नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ ने दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. तथापि नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लागल्याने आतला दिवस कसा जातो ते कळत नाही. म्हणून महाराष्ट्रातील पालकांनी संस्था पाहायला वार्षिक समारंभाच्या दिवशी न जाता एखाद्या साध्या दिवशी जेवणाच्या वेळी जावे, ताटात काय वाढायचे हे निवाशाला विचारले जाते का आणि कर्मचारी त्याला नावाने हाक मारतात का ते पाहावे, त्याचे कपडे त्याचेच आहेत का याची चौकशी करावी; आणि आत जाऊ देण्यास संस्था टाळाटाळ करत असेल, तर तेवढ्यावरूनच तिच्या दर्जाचा निर्णय करावा.